दुनळी जड की पुढे जड? सत्तरीतल्या एका बाराबोरचं प्रकरण

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, म्हादईच्या खोऱ्यातल्या एका कुळागरवाल्या घरात बेल्जियन बनावटीची बाराबोर दुनळी, म्हणजे छर्ऱ्यांची दोन नळ्यांची बंदूक आहे. शेजारी-शेजारी दोन नळ्या, त्यांची लांबी ३० इंच, दोन चाप, खांद्याला टेकवायचा अक्रोडाचा दस्ता. पोर्तुगीज अमदानीत घरात आलेली. वडिलांना ७० वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्यांनी ती थोरल्या मुलीच्या नावावर करायचं ठरवलं. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे: परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, की हयातीतच ते कायदेशीर वारसाला देण्यासाठी अर्ज करता येतो. कागदपत्रं रीतसर झाली, परवाना आला आणि मग लक्षात आलं की बंदूक मुलीच्या हाती बसतच नाही.

मुलगी नवशिकी नव्हे. नोकरीच्या गावी एका रायफल क्लबात ती उडत्या मातीच्या तबकड्या फोडायला शिकली आहे. क्लबाच्या बंदुकीवर तिचा हात बरा चालतो. घरची दुनळी घेतली की मात्र दस्ता काखेत अडकतो, नळ्यांची तोंडं खाली झुकतात, आणि थोड्या वेळात डावा हात भरून येतो. उंची पाच फूट दोन इंच, अंगानं सडपातळ. वडील सहा फुटांचे. त्यांचं म्हणणं एकच: "बाय, बंदूक जड नाही, सवय कमी आहे. रोज उचल." चुलतभाऊ म्हणाला, नळ्या चार इंच कापून टाकू. शहरातल्या एका दुकानदारानं सुचवलं की ही विका आणि २६ इंची हलकी दुनळी घ्या. तिघांचे तीन सल्ले घेऊन बापलेक माझ्याकडे आले. दुनळ्यांची मापं आणि तोल हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि इतकं स्वच्छ प्रकरण क्वचितच समोर येतं, म्हणून ते सविस्तर लिहितो.

इथली सगळी चर्चा तबकड्यांपुरती आहे. शेताच्या राखणीसाठी परवाना असला म्हणून रानडुक्कर किंवा खेती (माकडं) मारायची मुभा मिळत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे आडवा उभा आहेच, आणि तो असायलाच हवा.

चुलतभावाचा सल्ला आधी बाजूला काढला. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे वेगळा परवाना नसताना बंदुकीची नळी आखूड करणं हा गुन्हा आहे, परवाना घरचा असला तरी. आणि कायदा नसता तरी मी हो म्हटलं नसतं. दुनळीचा चोक, म्हणजे छर्रे आवळून धरणारा निमुळता भाग, नळीच्या शेवटच्या दोनेक इंचांत असतो. तो कापला की उरते मोकळी नळी. शिवाय दोन नळ्यांना जोडणाऱ्या वरच्या-खालच्या पट्ट्या डाख देऊन बसवलेल्या असतात. त्या कापलेल्या टोकाशी उघड्या पडल्या की गोव्याचा पाऊस आत शिरतो आणि गंज आतून खात जातो.

मग बंदूक उघडली, रिकामी असल्याची खात्री केली आणि तीन भाग वेगळे केले. जुन्या दुनळीच्या हाताळणीबद्दल बोलण्याआधी ती उडवण्याजोगी आहे का, हे बघावं लागतं. नळ्या खालच्या आकड्यावर दोरीनं टांगल्या आणि लाकडी दांडीनं हलकेच टिचकावल्या. पट्टी कुठे सुटली असेल तर आवाज बद्द येतो, लगेच मरतो. इथे स्वर लांब आणि स्वच्छ निघाला. बुडाशी बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीघराचा लंबगोल शिक्का होता, त्यात ईएलजी, वर मुकुट. जवळच सिंह आणि त्याखाली पीव्ही, म्हणजे धूरविरहित दारूवर चाचणी झालेली. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मापून घेतलं, कारण जुन्या युरोपीय दुनळ्यांत ते पुष्कळदा ६५ मिलिमीटरचं असतं आणि त्यात ७० मिलिमीटरचं काडतूस घालणं धोक्याचं आहे. हिचं चेंबर ७० चं निघालं. एवढं झाल्यावरच वजनकाटा काढला.

बंदुकीचं एकूण वजन ३.३५ किलो. नळ्या १.६० किलो, पुढची लाकडी पकड २०० ग्रॅम, चापयंत्र आणि दस्ता मिळून १.५५ किलो. नळ्या ज्या पिनवर उघडतात ती बिजागरीची पिन हा दुनळीच्या मापातला हक्काचा टप्पा. इंग्लिश पद्धतीच्या गेम गनमध्ये, म्हणजे पक्ष्यांच्या शिकारीच्या दुनळीत, तोल त्या पिनवर किंवा तिच्या अगदी जवळ आणायचा रिवाज आहे. इथे बंदूक बोटावर तोलली तर तोल पिनच्या ३ सेंटिमीटर पुढे होता. दस्त्याची लांबी, पुढच्या चापापासून टोकापर्यंत, १५ इंच.

तुलनेला क्लबातल्या एका सद्गृहस्थांची २६ इंची दुनळी मिळाली. रेंजवर, त्यांच्या हजेरीत. वजन २.७५ किलो, नळ्या १.१८, पकड १७० ग्रॅम, मागचा भाग १.४० किलो. तोल पिनच्या १ सेंटिमीटर मागे. दस्ता पावणेचौदा इंच.

मुलीनं ती खांद्याला लावली आणि तिचा चेहरा खुलला. "ही बघा, ही कशी लगेच येते!" वडील गप्प झाले. दुकानदाराचा सल्ला जिंकला असंच कुणालाही वाटलं असतं.

पण तिथे एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या होत्या: एकूण वजन, नळ्यांची लांबी, तोलाची जागा आणि दस्त्याची लांबी. यांतली कुठली तिला सुखावत होती? म्हणून त्या हलक्या बंदुकीच्या दस्त्यावर एक इंच जाडीचा चामडी खोळ-पॅड चढवला आणि पुन्हा खांद्याला लावायला सांगितलं. दस्ता लगेच काखेत अडकला. मान पुढे ताणली गेली, डावा कोपर सरळ झाला, आणि पावणेतीन किलोची बंदूकही "जरा जडच वाटते" असं ती आपणहून म्हणाली. पॅड काढला की तक्रार गेली. या एका छोट्या प्रयोगानं प्रकरणाचं निम्मं उत्तर दिलं. दस्ता लांब असला की अख्खी बंदूक अंगापासून तेवढी लांब धरावी लागते, आणि हात लांबवून धरलेलं वजन खांद्याला कितीतरी जास्त जाणवतं. वडिलांच्या सहा फुटी देहाला बरोबर असलेली १५ इंचांची लांबी हिला इंचभर जास्त होती. नळ्यांकडे बोट दाखवण्याआधी दस्ता मापायला हवा, हे मी प्रत्येकाला सांगतो. दुकानात मात्र सगळ्यांचं बोलणं नळीच्या इंचांपासून सुरू होतं.

उरलेलं निम्मं उत्तर रेंजवर मिळालं. तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची, शंभरेक ग्रॅमची. समोरून दूर जाणाऱ्या तबकड्यांवर हलकी दुनळी छान चालली. वर आली, दिसली, चाप ओढला, फुटली. आडव्या जाणाऱ्या तबकड्या सुरू झाल्या तेव्हा चित्र पालटलं. हलक्या बंदुकीची तोंडं झटक्यात सुटायची, तबकडीच्या पुढे निघून जायची, मग ती त्यांना आवरायची, आणि आवरताना घुमाव थांबायचा. छर्रे मागून जायचे. गणित साधं आहे. २५ मीटर अंतर कापायला छर्ऱ्यांना सेकंदाच्या आठ शतांशाच्या आसपास वेळ लागतो. तबकडी सेकंदाला १८ मीटर वेगानं आडवी चालली असेल तर तेवढ्यात ती सुमारे १.४ मीटर पुढे गेलेली असते. तेवढं पुढे धरून, चाप ओढताना आणि ओढल्यावरही बंदूक फिरतीच राहिली पाहिजे. हलकं तोंड जितकं सहज सुटतं तितकंच सहज थांबतं.

जुन्या दुनळीवर उलटा प्रकार. पहिली हालचाल उशिरा व्हायची, जवळच्या आणि वेगवान तबकडीवर ती मागेच पडायची. पण एकदा घुमाव सुरू झाला की बंदूक आपल्या आपण पुढे चालत राहायची आणि लांबची आडवी तबकडी स्वच्छ फुटायची. लांब अंतरावर वडिलांचा नेम का बसत असे ते मुलीला त्या दिवशी कळलं, आणि ते तिनं त्यांना तिथेच बोलून दाखवलं.

यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. आंबे काढायचा झेला हातात घेतलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे: रिकामी काठी कुठेही वळते, जाळ्यात एक आंबा पडला की तीच काठी फिरवायला जोर लागतो, आणि फिरली की थांबवायलाही. आंब्याचं वजन पाव किलो, पण ते टोकाला आहे. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व वजनाच्या पटीत वाढतं, आणि अंतराच्या वर्गाच्या पटीत. ३० इंची नळ्यांच्या शेवटच्या दोन इंचांचं वजन, पट्ट्या धरून, जेमतेम ६० ग्रॅम भरेल. ते पिनपासून ६८ सेंटिमीटरवर असतं. तेवढंच जडत्व पिनपासून १७ सेंटिमीटरवर हवं असेल तर अंतर चौथाई झालं म्हणून वजन सोळापट लागतं, म्हणजे ९६० ग्रॅम. नळ्यांच्या तोंडाशी असलेले ६० ग्रॅम आणि हाताशी असलेला जवळजवळ एक किलो घुमावाच्या हिशेबात सारखे. नळीची लांबी बंदुकीच्या वागण्यावर एवढी का उमटते, ते यावरून कळावं.

छर्ऱ्यांच्या वेगाशी मात्र लांबीचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. एका इंचामागे सेकंदाला दीड ते तीन मीटर, आणि मूळ वेग पावणेचारशे मीटरच्या घरातला. चार इंचांनी तबकडी फुटायची थांबत नाही. लंडनचे बंदूककार रॉबर्ट चर्चिल यांनी १९२० च्या दशकात २५ इंची दुनळी हट्टानं चालवली ती याच जोरावर. आखूड नळ्या डोळ्याला आखूड दिसू नयेत म्हणून त्यांनी वरची पट्टी अरुंद आणि उंच ठेवली होती. त्या बंदुका झटपट होत्या, आणि त्यांच्यासाठी त्यांनी नेम धरण्याची पद्धतही वेगळी शिकवली. चपळ बंदूक चपळ पद्धतीनंच चालवावी लागते. आजचे ट्रॅपचे, म्हणजे दूर जाणाऱ्या तबकड्या फोडण्याच्या खेळाचे, स्पर्धक साडेतीन किलोच्या वरच्या, ३० ते ३२ इंची वर-खाली नळ्यांच्या बंदुका घेतात ते नेमक्या उलट गरजेपोटी.

धक्क्याचाही विचार करायला हवा होता. तेच काडतूस ३.३५ किलोऐवजी २.७५ किलोच्या बंदुकीतून उडवलं तर मागे येणारी ऊर्जा पाचव्या हिश्शाहून जास्त वाढते. इंग्लिश बंदूककार ग्रीनर यांच्या नावे सांगितला जाणारा ९६ चा जुना नियम म्हणतो, बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. २८ ग्रॅमच्या काडतुसाला २.६९ किलो, ३२ ग्रॅमच्याला ३.०७ किलो. म्हणजे हलक्या दुनळीत २८ ग्रॅमपर्यंतच जायचं. नियम जुना आहे, पण दिवसभर तबकड्या फोडणाऱ्या खांद्याला विचारा, तो नियमाच्याच बाजूनं बोलतो.

आता निर्णय. मुलीला घरची बंदूक हवी होती, फक्त ती हातात यायला हवी होती. मी दोन कामं सुचवली: दस्ता एक इंच आखूड करायचा, आणि दस्त्याच्या आत शिसं भरायचं. दुसरं ऐकून वडील चिडले. "जड म्हणून तक्रार आहे आणि तुम्ही वजन वाढवता?" त्यांचा राग रास्त होता. त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला, तोच इथे देतो.

डावा हात पिनच्या १५ सेंटिमीटर पुढे आणि उजवा १४ सेंटिमीटर मागे धरला, तर तोल ३ सेंटिमीटर पुढे असलेल्या ३.३५ किलोच्या बंदुकीचे सुमारे १.९६ किलो डाव्या हातावर येतात. दस्त्याचं एक इंच अक्रोड कापलं की मागचे ७० ग्रॅम जातात. बंदूक ३.२८ किलोची होते, काट्यावर हलकी; पण तोल आणखी पुढे, ४ सेंटिमीटरवर सरकतो आणि डाव्या हातावरचा भार वाढून २.०४ किलो होतो. दस्ता कापून घेणारे पुष्कळ जण इथेच थांबतात आणि मग बंदूक "बिघडली" म्हणतात. कापलेल्या टोकामागे १८० ग्रॅम शिसं घातलं तर एकूण वजन ३.४६ किलो होतं, तोल पिनच्या १.६ सेंटिमीटर पुढे येतो, आणि डाव्या हातावर उरतात १.८६ किलो. बंदूक मूळ वजनाहून ११० ग्रॅमनं जड झाली, डाव्या हाताला मात्र १०० ग्रॅमनं हलकी.

वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "मग नळ्यांना हात लावायचा नाही ना? तर करा."

काम बेळगावच्या एका परवानाधारक कारागिरानं केलं. दस्ता आधी चिकटपट्टी गुंडाळून मग कापला, म्हणजे लाकडाच्या कडा चिरत नाहीत. कापताना टोकाचा कोन मूळचाच ठेवला. तो बदलला तर तोंडं वर किंवा खाली मारू लागतात. कापलेला तुकडा फेकू दिला नाही. उद्या घरातल्या उंच माणसाकडे बंदूक गेली तर तोच तुकडा परत जोडता येतो, त्याच्या रेषा जुळतात. आत दोन भोकं पाडून शिशाच्या कांड्या कापडात घट्ट बसवल्या, चिकटवल्या नाहीत. खडखडली तर बंदूक नकोशी होते आणि चिकटवली तर पुढे बदल करता येत नाही.

परत आल्यावर पहिली परीक्षा घरातच, डमी काडतुसं घालून, आरशासमोर. दस्ता काखेला न अडकता गालाशी आला. "वजन कमी केलंत ना?" असं तिनं विचारलं, वाढलं आहे हे माहीत असूनही. रेंजवर आडव्या तबकड्यांवरचा तिचा घुमाव आधीसारखाच लांब आणि सलग राहिला, कारण नळ्यांचं जडत्व आम्ही कमी केलंच नव्हतं. मागे भरलेलं शिसं खांद्याजवळ असतं. बंदूक खांद्याला लागल्यावर माणूस कमरेतून वळतो तेव्हा त्या शिशाला फारसं फिरावंच लागत नाही. पहिल्या हालचालीतला आळस बराच कमी झाला, आणि त्याचं मोठं श्रेय मी तोलापेक्षा आखूड दस्त्याला देईन.

सगळं साधलं असं मात्र नाही. खालच्या पवित्र्यातून बंदूक खांद्यापर्यंत आणताना पुढचं वजन आणि मागचं शिसं दोन्ही हातांना जाणवतं. दोन्ही टोकांना भारलेली बंदूक जागच्या जागी वळवायला सुस्तच राहते. जवळून अचानक उडणाऱ्या तबकडीवर ती हलकी २६ इंची दुनळी आजही पुढे आहे. त्या बंदुकीच्या मालकांनाही यातून एक उपाय मिळाला. त्यांची आडवी तबकडी अशीच मागून सुटायची. डावा हात पकडीच्या पुढे, नळ्यांवर चार बोटं सरकवून धरायला सांगितल्यावर घुमाव शांत झाला. गरम नळ्यांपासून हात वाचवायला चामड्याचं हँडगार्ड लागतं, खर्च तेवढाच.

तेव्हा कुणी विचारलं की २६ घेऊ की ३०, तर मी उलट विचारतो: दस्ता किती, तोल कुठे, आणि तुमच्या तबकड्या जातात कशा? २८ इंच आणि तीन किलोच्या आसपासची दुनळी बहुतेकांना चालते, कारण ती कुठल्याच टोकाला नाही. पण घरात चांगली जुनी बंदूक असताना केवळ काट्यावरचा आकडा बघून ती विकायला माझा विरोध आहे.

मुलगी सध्या २४ ग्रॅमच्या काडतुसांवर सराव करते, ऑलिंपिक ट्रॅपला चालतात तीच. ३.४६ किलोच्या बंदुकीत त्यांचा धक्का नावापुरता. डाव्या नळीचा चोक फार घट्ट आहे, २५ मीटरवर छर्ऱ्यांचा फैलाव लहान पडतो, म्हणून जवळच्या तबकडीला ती आधी उजवी नळी वापरते आणि डावी लांबच्यासाठी राखते. चोक मोकळा करून घ्यावा का, यावर बापलेकीत अजून एकमत नाही. मी सध्या नको म्हटलं आहे: काढलेला धातू परत घालता येत नाही, आणि दस्त्यातल्या शिशाच्या दोन कांड्या कमी-जास्त करून बघायचं काम अजून बाकी आहे.